सँडविच बेटांवरील अमेरिकन मिशनरी कुटुंबे : मुलांचे गृहशिक्षण आणि वार्षिक सर्वसाधारण सभा

अमेरिकन बोर्ड या नावाने महाराष्ट्रात परिचित असलेली परदेशी धर्मप्रसाराची संस्था १८१० साली न्यू इंग्लंडमध्ये स्थापन झाली. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले, तेव्हा त्या संस्थेच्या मराठी मिशनचा आरंभ झाला. याच संस्थेने १८१९ मध्ये पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांकडे, म्हणजे तत्कालीन भाषेत सँडविच बेटांकडे, आपली पहिली तुकडी रवाना केली. मुंबई-अहमदनगरची मिशन आणि होनोलुलूची मिशन या एकाच कार्यालयाच्या दोन शाखा होत. दोहोंची पत्रे बॉस्टनमधील एकाच टेबलावर येऊन पडत आणि एकाच मासिकात छापली जात. मराठी वाचकाला मराठी मिशनचा इतिहास छापखाने, शाळा, 'ज्ञानोदय' पत्र आणि अहमदनगरचे कार्य यांच्या द्वारे ठाऊक असतो. परंतु या मिशनऱ्यांच्या स्वतःच्या मुलांचे काय होत असे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हवाईच्या बाबतीत तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही. कारण तेथे या मुलांच्या शिक्षणाच्या प्रश्नाने मिशनचे धोरणच नव्हे, तर काही अंशी त्या बेटांचे राजकीय भवितव्यही घडविले.

'थॅडियस' नावाचे जहाज २३ ऑक्टोबर १८१९ रोजी बॉस्टनहून निघाले आणि केप हॉर्नला वळसा घालून १८२० च्या एप्रिलच्या आरंभी हवाई बेटावरील कैलुआ येथे पोहोचले. प्रवासास साडेपाच महिने लागले. जहाजावर सात दांपत्ये होती आणि त्यांतील सहा नवविवाहित होती. बोर्डाला अविवाहित तरुण पाठविणे मान्य नव्हते; त्यामुळे काहींचे विवाह ओळख झाल्यापासून काही आठवड्यांतच उरकण्यात आले. एसा थर्स्टन व ल्यूसी गुडेल यांचा विवाह जहाज सुटण्यापूर्वी अवघे अकरा दिवस झालेला होता. सातवे दांपत्य डॅनियल चेंबरलेन या शेतकऱ्याचे. त्याच्याबरोबर पत्नी व पाच मुले होती. ख्रिस्ती कुटुंबजीवनाचा व उत्तम शेतीचा एक जिवंत नमुना बेटवासीयांपुढे ठेवावा, हा त्याला नेण्यामागील हेतू. हे कुटुंब १८२३ मध्ये अमेरिकेस परतले. प्रकृतीचे व शेतीतील निराशेचे कारण होतेच. पण या पाच मुलांचे येथे पुढे काय व्हायचे, हा प्रश्नही त्यामागे होता. जे कुटुंब नमुना म्हणून नेले, तेच मुलांपायी सर्वांत आधी परत फिरले. बोर्डाने यावरून तेव्हाच काही बोध घेतला असता, तर पुढची वीस वर्षे कदाचित वेगळी गेली असती.

प्रश्नाचे स्वरूप नीट समजून घ्यावयाचे तर मुंबईशी तुलना उपयोगी पडते. मुंबईच्या हवेत अमेरिकन मिशनऱ्यांच्या पहिल्या पिढीची पुष्कळ मुले बालपणीच दगावली. गॉर्डन हॉलची पत्नी मार्गारेट १८२५ मध्ये दोन मुलांना घेऊन अमेरिकेकडे निघाली. त्यांतील एक वाटेतच वारला, आणि मागे राहिलेला हॉल २० मार्च १८२६ रोजी नाशिक भागातील दौऱ्यावर पटकीने मरण पावला. असा संसार जेथे, तेथे मुलांच्या दीर्घ शिक्षणक्रमाचा प्रश्न मृत्यूच पुष्कळदा निकालात काढी. हवाईची हवा याच्या अगदी उलट होती. ती आरोग्यदायक होती, गोऱ्या कुटुंबांत मुले जगत होती, आणि एकेका घरात पाच-सात किंवा त्याहूनही अधिक मुले वाढू लागली होती. त्याच काळात मूळ हवाईवासी मात्र बाहेरून आलेल्या रोगांनी झपाट्याने मरत होते, हे येथे विसरता कामा नये. मिशनऱ्यांच्या घरांत पाळणे वाढत होते आणि भोवतालची गावे ओस पडत होती. शिक्षणाचा प्रश्न या विषम पार्श्वभूमीवर उभा राहिला.

मिशनऱ्यांनी बेटांवर शाळांचे जे जाळे उभारले ते विलक्षण होते, यात संशय नाही. १८२२ मध्ये हवाईयन भाषेतील पहिला छापील मजकूर निघाला. त्यानंतरच्या दहा वर्षांत हजारो प्रौढ स्त्री-पुरुष पाटी-पुस्तक घेऊन बसले. १८३१ मध्ये लाहैनालुना येथे वरिष्ठ विद्यालय निघाले आणि १८३९ मध्ये संपूर्ण बायबलचे भाषांतर पूर्ण झाले. हे सर्व हवाईयन भाषेत. लोकांना त्यांच्याच भाषेत शिकवावे, हे बोर्डाचे तत्त्व होते. रूफस अँडर्सन हा बोर्डाचा दीर्घकाळचा चिटणीस या तत्त्वाचा कट्टर पुरस्कर्ता. तोच पुढे १८५४-५५ मध्ये शिष्टमंडळ घेऊन भारतात आला असता मराठी मिशनच्या इंग्रजी शिक्षणावर कात्री चालवून गेला. परंतु या विशाल शाळाखात्यात मिशनऱ्यांच्या स्वतःच्या मुलांसाठी एकही बाक नव्हता. ती मुले घरी शिकत, आईजवळ शिकत, आणि इंग्रजीत शिकत.

याचे कारण मातापित्यांच्या धर्मविचारात होते. न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेत वाढलेल्या या लोकांची श्रद्धा अशी की, मूल जन्मतः पापी असते आणि त्याचे तारण त्याच्या स्वतःच्या अंतःकरणातील परिवर्तनावाचून होत नाही. ते परिवर्तन होईपर्यंत त्याच्यावर कोणते संस्कार होतात याची जबाबदारी आईबापांची, विशेषतः आईची. हवाईयन जीवनातील लैंगिक मोकळेपणा त्यांना भयावह वाटे. मुलांना त्यांची भाषा समजली, तर त्यांच्या बोलण्यातील सर्व काही समजेल. म्हणून ती भाषाच मुलांच्या कानांवर पडू नये, अशी व्यवस्था करण्याकडे कल झाला. ज्यांच्या उद्धारासाठी आयुष्य वाहिले, त्यांच्याच सहवासापासून मुलांना दूर ठेवणे ही विसंगती या मातांना दिसत नव्हती असे नाही. ती दिसत होती. परंतु दोन कर्तव्यांपैकी कोणते वरचे, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता.

कैलुआ येथील थर्स्टन कुटुंबाचे घर हे या व्यवस्थेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. ल्यूसी थर्स्टन हिने आपल्या आठवणी व पत्रे वृद्धापकाळी एकत्र केली व ती १८८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यामुळे या घराची रचना तपशिलाने कळते. सुमारे पाच एकरांच्या आवाराला दगडी भिंत होती. आतील जागेचे तीन विभाग केलेले होते : एक बेटवासीयांना भेटण्याचा, दुसरा घरकामाचा, आणि तिसरा केवळ मुलांचा. या तिसऱ्या भागात हवाईयन माणसाने पाऊल टाकावयाचे नाही, असा दंडक होता. लोक त्या अंगणाला 'कापू' म्हणत. कापू म्हणजे निषिद्ध. आपल्याकडील सोवळ्याच्या कल्पनेशी या शब्दाचे जवळचे साम्य आहे. सोवळ्यात कोणी कोणाला शिवावयाचे नाही, तसेच कापूतही होते. विशेष हे की, हवाईतील प्राचीन कापूपद्धती राजा लिहोलिहो आणि राणी काआहुमानू यांनी १८१९ मध्येच, मिशनरी येण्याच्या काही महिने आधी, मोडून टाकली होती. स्त्रिया व पुरुष एकत्र जेवू लागले, देवळे पाडली गेली. जे बंधन लोकांनी स्वतः झुगारले, त्याच नावाने ते आता परदेशी पाहुण्यांच्या अंगणाला ओळखू लागले. या शब्दप्रयोगात उपहास किती आणि आदर किती, हे ठरविणे कठीण आहे. हवाईयन मनाला निषिद्ध जागा ही पवित्र जागाही असे, आणि मिशनरी आईने आपल्या मुलांना सरदारांच्या पातळीवर नेऊन बसविले असेच कित्येकांना वाटले असावे.

या घरात पर्सिस (जन्म १८२१), ल्यूसी (१८२३) आणि त्यानंतरची तीन भावंडे वाढली. आई हीच त्यांची शिक्षिका, हीच सोबतीण आणि हीच बाहेरच्या जगाचे दार. दिवसाचे तास वाटून दिलेले असत. मुलांचे धडे, घरकाम, शिवण, आणि त्यानंतर मुलांना त्यांच्या अंगणात ठेवून आईने हवाईयन स्त्रियांच्या वर्गास जावयाचे. पुस्तके अमेरिकेतील नातलगांकडून पेटीतून येत आणि पेटी जहाजाच्या मर्जीने येई. थोरल्या मुलींनी धाकट्यांना शिकविणे हे ओघानेच आले. बायबल, व्याकरण, भूगोल, अंकगणित, हस्ताक्षर, निबंध असा हा अभ्यास होता, आणि त्याचा दर्जा हलका नव्हता. पर्सिस पुढे मॅसॅच्युसेट्समधील माउंट होलिओक या स्त्रीशिक्षणसंस्थेत दाखल होऊ शकली, हे त्याचे प्रत्यंतर म्हणता येईल.

या व्यवस्थेची किंमत आईने मोजली. मिशनरी स्त्रिया बेटांवर आल्या त्या हवाईयन स्त्रियांना शिकविण्याच्या हौसेने. ऑस्ट्रेलियन इतिहासकार पॅट्रिशिया ग्रिमशॉ हिने 'पाथ्स ऑफ ड्यूटी' (१९८९) या ग्रंथात या स्त्रियांच्या कागदपत्रांचा अभ्यास करून हेच दाखविले आहे की, ही महत्त्वाकांक्षा बाळंतपणे, घरकाम आणि मुलांचे शिक्षण यांखाली हळूहळू दबून गेली. धर्मप्रसार पुरुषांच्या वाट्यास गेला. स्त्रियांच्या वाट्यास आले ते भिंतीच्या आतले जग.

वर्षातून एकदा मात्र ही भिंत उघडे. मिशनची सर्वसाधारण सभा दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमारास बहुधा होनोलुलू येथे भरे, आणि कैलुआ, हिलो, लाहैना, कौआई बेटावरील वाइमेआ अशा दूरदूरच्या ठाण्यांवरील कुटुंबे तिच्यासाठी मुलाबाळांसह येत. हा प्रवास म्हणजे एक दिव्यच असे. बेटांमधील सामुद्रधुन्या खवळलेल्या. वाहन म्हणजे हवाईयन सरदारांच्या मालकीची किंवा व्यापाऱ्यांची छोटी शिडाची गलबते. त्यांच्या फळीवर माणसे, डुकरे, कुत्री, बकऱ्या, भोपळे आणि पाण्याची भांडी यांची एकच दाटी असे. वारा पडला की दिवसाचा प्रवास आठवड्यावर जाई. समुद्र लागलेल्या आईने तान्ह्या मुलाला कवटाळून फळीवर पडून राहावे आणि मोठ्या मुलांकडे देवाने पाहावे, अशी स्थिती होती. तरीही सभेला न जाण्याची कल्पना बहुतेकांना सहन होत नसे.

सभेचे काम गंभीर व लांबलचक चाले; दोन-तीन आठवडे तर सहजच जात. कोणी कोणत्या ठाण्यावर राहावयाचे, कोणते पुस्तक कोणी भाषांतरित करावयाचे, छापखान्याने काय छापावे, शाळांना किती खर्च द्यावा, हे सर्व तेथे बहुमताने ठरे. मिशनऱ्यांना व्यक्तिगत पगार नव्हता. सर्व मालमत्ता सामाईक होती. अमेरिकेहून आलेले कापड, पीठ, जोडे, औषधे लिव्हाय चेंबरलेन या व्यवस्थापकाच्या कोठारात येत आणि तेथून कुटुंबाच्या गरजेनुसार वाटली जात. (१८२३ मध्ये आलेला हा चेंबरलेन वर उल्लेखिलेल्या शेतकऱ्याहून वेगळा.) त्याने १८३१ मध्ये बांधलेले प्रवाळ दगडाचे घर व कोठार, आणि त्याच्या शेजारचे बॉस्टनहून लाकडे आणून १८२१ मध्ये उभारलेले घर, ही दोन्ही होनोलुलूत अद्यापि उभी आहेत. सभेला आलेली कुटुंबे याच आवारातील व आसपासच्या घरांत दाटीवाटीने राहत. ठरावांवर मत देण्याचा अधिकार पुरुषांचा. स्त्रियांनी आपली स्वतंत्र मातृसभा स्थापन केली होती, व तिच्या बैठकांत मुलांच्या संगोपनाची आणि आत्म्याच्या कल्याणाची चर्चा व प्रार्थना होई. पुरुषांच्या सभेचे इतिवृत्त मिशनच्या छापखान्यात छापून निघे. स्त्रियांच्या सभेचा वृत्तान्त मुख्यतः पत्रांत व रोजनिशींत उरला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही समोर ठेवल्यावाचून या सभेचे खरे चित्र मिळत नाही. कारण पुढे जो निर्णय पुरुषांच्या इतिवृत्तात एका ठरावाच्या रूपाने दिसतो, त्याची तयारी दुसऱ्या खोलीत वर्षानुवर्षे चाललेली होती.

मुलांच्या दृष्टीने तर सभा म्हणजे वर्षाचा सणच होता. अकरा महिने भावंडांवाचून दुसऱ्या मुलाचे तोंड न पाहिलेल्या मुलांना तेथे एकदम डझनावारी सोबती मिळत. मिशनरी एकमेकांना बंधू व भगिनी म्हणत. म्हणून मुले सर्व मोठ्यांना काका व मावशी म्हणत आणि एकमेकांना चुलत-मावस भावंडे समजत. हा निव्वळ शिष्टाचार राहिला नाही. १८५२ मध्ये या मुलांनी मिशनरी संततीची जी संस्था स्थापन केली, ती 'भावंडांची सभा' याच अर्थाच्या नावाने लोकांत ओळखली गेली. रक्ताचे नाते नसलेली, वेगवेगळ्या बेटांवर एकाकी वाढलेली मुले एक जमात म्हणून संघटित झाली, त्याचे बीज या वार्षिक सहवासात आहे. भिंतीने त्यांना बेटवासीयांपासून वेगळे केले. सभेने त्यांना परस्परांशी बांधले. या दोन क्रिया एकत्र घडल्या, म्हणूनच पुढे या वर्गाला आपण एक स्वतंत्र समाज आहोत असे वाटू लागले. केवळ गृहशिक्षणाने हे घडले नसते.

परंतु सभेला एक काळी बाजूही होती. मूल सात-आठ वर्षांचे झाले की, त्याला अमेरिकेस पाठवावे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राही, आणि त्याची चर्चा अपरिहार्यपणे सभेच्या दिवसांत होई. जहाजे होनोलुलूहून सुटत. व्हिटनी व बिंगम या कुटुंबांच्या थोरल्या मुली, दोघीही १८२० मध्ये बेटांवर जन्मलेल्या, दहा वर्षांच्या होण्यापूर्वीच अमेरिकेस रवाना झाल्या. केप हॉर्नच्या वाटेने पाच-सहा महिन्यांचा प्रवास. पत्रोत्तर यावयास वर्ष. मुलाला जहाजावर चढविणारी आई बहुधा त्याला पुन्हा बालपणात पाहणार नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे. ही मुले नातलगांकडे किंवा परक्यांच्या घरी राहत. मुलांच्या नावे ठेवण्यासारखी मालमत्ता आईबापांजवळ नव्हती, कारण सामाईक व्यवस्थेत ती असणे शक्य नव्हते. अशा मुलांचा भार बोर्डाने किती उचलावा, हा बॉस्टन व होनोलुलू यांमधील पत्रव्यवहारातील एक कटू विषय होता. १८३७ च्या अमेरिकेतील आर्थिक संकटानंतर बोर्डाचे उत्पन्न घटले, तेव्हा ही तेढ अधिकच वाढली.

ल्यूसी थर्स्टन हिने मुलांना एकटे पाठविण्यास नकार दिला. १८४० मध्ये पती मागे ठेवून ती पाचही मुलांसह स्वतः अमेरिकेस गेली. जन्मभर भिंतीआड वाढलेल्या मुलींना न्यू इंग्लंडच्या समाजात आपल्या हातांनी पोहोचवावे, हा तिचा हेतू होता. परंतु न्यूयॉर्कला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, १८४१ च्या फेब्रुवारीत, दुसरी मुलगी ल्यूसी वारली. ती सतरा वर्षांची होती. 'मिशनऱ्याची मुलगी' या अर्थाच्या नावाने तिचे चरित्र पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतील धार्मिक कुटुंबांत वाचले गेले. दूर बेटावर आईने एकटीने वाढविलेली, अभ्यासू, सालस आणि अकाली देवाघरी गेलेली कन्या असे तिचे चित्र वाचकांपुढे आले. तिची आई मात्र १८४२ मध्ये कैलुआस परतली, ती दोन मुलांना मागे ठेवून आणि एकीला पुरून. चरित्रग्रंथाची गोडी आणि घरातील वस्तुस्थिती यांतील हे अंतर ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच सुमारास सर्वसाधारण सभेने निर्णय घेतला. १८४१ च्या मे महिन्यात डॅनियल डोल नवव्या तुकडीबरोबर होनोलुलूस उतरला, आणि सभेने त्याला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी काढावयाच्या शाळेवर नेमले. जागा होती पुनाहौ येथील. ती सरदार बोकी व राणी काआहुमानू यांच्याकडून १८२९ मध्ये हायरम बिंगमला मिळालेली होती. ११ जुलै १८४२ रोजी पंधरा विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. (अहमदनगरहून 'ज्ञानोदय' निघू लागले तेही याच वर्षी.) दूरच्या बेटांवरील मुले तेथे वसतीस राहत, पहाटे उठून शेतात कुदळ चालवीत व नंतर लॅटिन-ग्रीक शिकत. आरंभी ही शाळा केवळ मिशनऱ्यांच्या मुलांची होती. कैलुआच्या अंगणातील भिंत पुनाहौच्या माळावर पुन्हा बांधली गेली. फरक एवढाच की, आता तिच्या आत एक कुटुंब नव्हे, तर सबंध पिढी होती. मुलांना आईपासून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पाठविण्याची प्रथा मात्र या शाळेने पुष्कळ अंशी थांबविली, आणि मातांच्या दृष्टीने तीच गोष्ट सर्वांत मोठी होती.

या शाळेच्या जोडीस दुसरी एक शाळा ठेवून पाहिली पाहिजे. हवाईयन सरदारांच्या विनंतीवरून १८३९ मध्ये सरदारपुत्रांची शाळा स्थापन झाली व एमॉस कुक आणि त्याची पत्नी ज्युलिएट यांच्याकडे ती सोपविण्यात आली. येथेही चौकोनी बंदिस्त वास्तू होती, मुलांना आईबापांच्या व सेवकांच्या सहवासातून काढून घेतलेले होते, आणि शिक्षण इंग्रजीत होते. पुढे हवाईच्या सिंहासनावर बसलेले चौथा व पाचवा कामेहामेहा, लुनालिलो, कालाकाउआ आणि लिलिउओकालानी हे पाचही जण याच शाळेचे विद्यार्थी. मिशनरी आपल्या मुलांना बेटवासीयांपासून दूर ठेवीत होते, आणि बेटवासी राजघराण्यातील मुलांनाही बेटवासीयांपासूनच दूर ठेवीत होते. दोन्ही व्यवस्थांमागील तर्क एकच होता. परंतु एका भिंतीआडील मुले आपल्या आईजवळ होती आणि दुसरीआडील मुले आईवेगळी केलेली होती, हा भेद लहान नव्हे. लिलिउओकालानीने पुढे आपल्या आत्मचरित्रात त्या शाळेतील दिवसांविषयी लिहिताना रात्री उपाशी झोपावे लागे, अशी तक्रार नोंदविली आहे.

शाळा निघाली तरी मूळ चिंता मिटली नाही. मुले शिकतील, पण शिकून करतील काय आणि राहतील कोठे? अनेक मिशनरी याच विचाराने अमेरिकेस परतण्याच्या गोष्टी बोलू लागले. तेव्हा १८४८ च्या सुमारास बोर्डाने आपले जुने तत्त्व सैल केले. मिशनऱ्यांनी बेटांवर जमीन व गुरे स्वतःच्या नावे बाळगावीत, तेथील नागरिकत्व घ्यावे आणि मुलांसह तेथेच स्थायिक व्हावे, यास अनुमती मिळाली. नेमक्या याच काळात, १८४८ मध्ये, हवाईच्या राजाने जमिनीची महावाटणी केली, आणि १८५० मध्ये परदेशीयांना जमीन विकत घेण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. या दोन घटनांच्या योगायोगाचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच. ज्यांना मुलांसाठी काही ठेवता येत नव्हते, त्यांना ते ठेवण्याची परवानगी मिळाली, आणि तेव्हाच जमीन बाजारात आली. कुक व सॅम्युएल कॅसल या दोघा मिशन-सेवकांनी १८५१ मध्ये सुरू केलेली पेढी पुढे बेटांवरील साखर-व्यवसायातील एक बलाढ्य कंपनी झाली. १८६३ मध्ये बोर्डाने हवाई मिशन औपचारिकपणे बंद केली. मुले मात्र तेथेच होती.

१८८७ मध्ये राजा कालाकाउआकडून शस्त्रबळाच्या धाकाने जी राज्यघटना मान्य करून घेण्यात आली, तिच्या कर्त्यांत लॉरिन थर्स्टन हा प्रमुख होता. तो कैलुआच्या एसा व ल्यूसी थर्स्टन यांचा नातू. १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकालानीला पदच्युत करण्यात आले, तेव्हा हंगामी सरकारचे अध्यक्षपद सॅनफर्ड डोल याजकडे गेले. तो पुनाहौच्या पहिल्या शिक्षकाचा मुलगा; १८४४ मध्ये तेथेच जन्मलेला, आणि जन्मानंतर थोड्याच दिवसांत आईला मुकलेला. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. अमेरिकन काँग्रेसने १९९३ मध्ये या कृत्याबद्दल जो क्षमायाचनेचा ठराव केला, त्यात मिशनऱ्यांच्या वंशजांचा निर्देश आहे.

येथे सरळ रेषा ओढण्याचा मोह आवरला पाहिजे. कैलुआच्या अंगणातील भिंतीमुळे १८९३ चा उठाव झाला, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. साखरेचा व्यापार, १८७५ चा अमेरिकेशी झालेला तह, पर्ल हार्बरवरील अमेरिकन नौदलाचा डोळा, ही कारणे त्याहून कितीतरी बलवत्तर आहेत. शिवाय मिशनऱ्यांची सारी मुले एकाच बाजूस नव्हती आणि एकाच प्रकारची नव्हती. १८३९ मध्ये जन्मलेला नाथॅनियल एमर्सन हा हवाईयन भाषेचा जाणकार होऊन हुला नृत्यातील गीतांचा संग्रह करता झाला. म्हणजे जी भाषा मुलांच्या कानांवर पडू नये म्हणून भिंती उभारल्या, ती त्यांतील काहींनी उत्तम प्रकारे आत्मसात केलीच. लॉरिन थर्स्टनलाही ती अवगत होती. उलट, ती येत असूनही १८९६ मध्ये प्रजासत्ताक सरकारने शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी केले. आजोबांच्या पिढीने ज्या भाषेला लिपी दिली, ती नातवांच्या राजवटीत शाळेबाहेर गेली.

मराठी मिशनच्या मुलांचा मार्ग पाहिला म्हणजे हवाईच्या उदाहरणाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. मुंबई व अहमदनगरची मुलेही अमेरिकेस पाठविली जात. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८५४ मध्ये मायदेशी परतताना समुद्रावर मरण पावला व त्याची मुले आईने अमेरिकेतच वाढविली. परंतु १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेला त्याचा मुलगा रॉबर्ट अॅलन ह्यूम १८७४ मध्ये मिशनरी म्हणून परत आला आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे त्याने आयुष्य वेचले. बॅलंटाइन, फेअरबँक या घराण्यांतही दुसरी पिढी याच कामावर परतली. येथे जमीन विकत घेऊन मळेवाले होण्याची वाट नव्हती. राज्य इंग्रजांचे होते, त्यामुळे अमेरिकन मिशनऱ्याच्या मुलाला मंत्री किंवा न्यायाधीश होण्याचीही शक्यता नव्हती. परत यावयाचे तर ते मिशनरी म्हणूनच. हवाईत मात्र स्वतंत्र परंतु दुर्बल राज्य, विकाऊ जमीन आणि इंग्रजी जाणणाऱ्यांची सतत गरज असलेला दरबार, अशी परिस्थिती या पिढीला तयार मिळाली. एकाच बोर्डाच्या, एकाच धर्मशिकवणीच्या घरांत वाढलेली मुले दोन देशांत इतकी भिन्न निपजली, त्याचा उलगडा घरातील शिक्षणापेक्षा घराबाहेरील या परिस्थितीत अधिक शोधावा लागतो.

होनोलुलूच्या जुन्या मिशन-आवारात आज वस्तुसंग्रहालय आहे, आणि सर्वसाधारण सभेसाठी आलेल्या कुटुंबांची पत्रे व मातांच्या रोजनिश्या तेथील संग्रहात जपून ठेवलेल्या आहेत. मराठी मिशनच्या स्त्रियांची पत्रे बोर्डाच्या इतर दप्तराबरोबर हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. हवाईतील मातांच्या कागदपत्रांचा जसा अभ्यास झाला, तसा अहमदनगर व महाबळेश्वर येथे मुले वाढविणाऱ्या मातांच्या पत्रांचा अभ्यास मराठीत व्हावयाचा आहे.